गॅस टॉर्चने जाड लोखंड कापलं जातं, मग ॲल्युमिनियमचा टोप जोडायला एवढा त्रास का?

गणेश चवथीच्या आधीची गोष्ट. गोव्यात डिचोलीला आमच्या वर्कशॉपमध्ये एका ट्रकच्या चासीचं चॅनेल कापायचं काम चाललं होतं, तेवढ्यात वाड्यावरचे एक काका देवळाच्या महाप्रसादाचा मोठा ॲल्युमिनियमचा टोप घेऊन आले, काठाला चारेक बोटं लांब चीर गेलेली. थोडा वेळ उभं राहून कापताना बघितलं आणि म्हणाले, "बाबा, एवढं जाड लोखंड तू असं सरसर कापतोस, मग ह्या पातळ टोपाला एक टाका मारायला दोन दिवस कशाला मागतोस?" प्रश्न अगदी बरोबर होता. मी तेव्हा घाईत दोन वाक्यात काहीतरी सांगितलं पण समाधान झालं नाही ना त्यांचं ना माझं, म्हणून इथे नीट लिहितोय. गॅसचं काम करणाऱ्या पुष्कळ पोरांना पण हे कोणी समजावून सांगितलेलं नसतं, हात बसतो पण कारण माहीत नसतं आणि मग एक दिवस भलतंच काहीतरी होतं.

सगळ्यात आधी एक समज डोक्यातून काढून टाका की टॉर्च लोखंड वितळवून कापतो. नाही. टॉर्च लोखंड जाळतो. म्हणजे खरोखर लाकूड जळतं तसं लोखंड जळतं, फक्त त्याला शुद्ध ऑक्सिजन लागतो आणि आधी चांगलं तापलेलं असावं लागतं. कटिंग टॉर्चचं नोझल समोरून बघितलंत तर कडेने गोल बारीक भोकं दिसतील आणि मधोमध एक वेगळं भोक. कडेच्या भोकांतून जी ज्योत येते तिचं काम फक्त तापवणं. लोखंड साधारण ९०० डिग्रीच्या आसपास गेलं, म्हणजे छान चेरीसारखं लाल झालं की मग लिव्हर दाबायचा, मधल्या भोकातून निव्वळ ऑक्सिजनचा झोत सुटतो आणि त्या झोतात लोखंड पेट घेतं. जळताना ते स्वतःच इतकी उष्णता देतं की पुढचा भाग आपोआप तापत जातो, म्हणून एकदा कट सुरू झाला की चाल लागते.

आता मुद्द्याची गोष्ट. लोखंड जळून जे ऑक्साइड तयार होतं, ते साधारण १३७० डिग्रीलाच पातळ व्हायला लागतं आणि आपलं साधं माइल्ड स्टील वितळायला त्याहून जास्त, १५०० च्या आसपास लागतात. म्हणजे राख आधी वितळते आणि धातू नंतर. त्यामुळे ऑक्सिजनचा झोत ती पातळ राख खाली ढकलून देतो, खालून ठिणग्यांचा धबधबा पडतो तो हाच, आणि मागे उघडा झालेला ताजा धातू परत जळायला तयार. राख वाटेत बसत नाही म्हणून कट होतो, एवढंच गुपित आहे.

ॲल्युमिनियमचं बरोबर उलटं. धातू वितळतो ६६० डिग्रीला आणि त्याच्यावरची ऑक्साइडची साल वितळते २०७२ डिग्रीला, म्हणजे तिपटीहून जास्त. ही साल इतकी पातळ असते की डोळ्यांना दिसत नाही, पण घासून काढली तरी हवा लागताक्षणी परत येते. ह्या सालीमुळेच ॲल्युमिनियम आपल्या खाऱ्या हवेत सुद्धा लोखंडासारखं सडत नाही, तेच तिचं मोठेपण, पण टॉर्चवाल्याच्या बाबतीत तीच आडवी येते. ऑक्सिजनचा झोत सोडलात तर साल आणखी जाड होते, आतला धातू पाण्यासारखा होऊन खाली गळतो, पण कापल्याची सरळ धार काही मिळत नाही, नुसती खाल्ल्यासारखी वेडीवाकडी भोकं पडतात. स्टेनलेस स्टीलचं दुखणं पण ह्याच घरातलं, त्यातल्या क्रोमियमचं ऑक्साइड २४०० च्या वर वितळतं, म्हणून साध्या गॅस कटरने स्टेनलेस कापायला जाऊ नये. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, पण नीट कापलं जात नाही कारण त्यात कार्बन फार, त्याचं ग्रॅफाइट ऑक्सिजनच्या वाटेत येतं.

म्हणून काकांचा प्रश्न जाडीचा नव्हताच. लोखंडात ऑक्साइड वाट सोडतं, ॲल्युमिनियममध्ये ते वाट अडवतं. पुढचं सगळं ह्या एका गोष्टीतून येतं.

ज्योतीबद्दल थोडं. ऑक्सिजनमध्ये ॲसिटिलीन जाळलं तर फार गरम ज्योत मिळते हे ल शातेलिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये दाखवलं आणि विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला फ्रान्समध्येच फूशे आणि पिकार ह्या दोघांनी कामाला येईल असा टॉर्च केला. आजही तीच ज्योत, ३१०० डिग्रीच्या आसपास. एलपीजीची ज्योत २८०० च्या आसपास जाते आणि तिची उष्णता पसरट असते, म्हणून लोखंड पहिल्यांदा लाल व्हायला जरा जास्त वेळ लागतो, पण कापायचं खरं काम ऑक्सिजनच करतो त्यामुळे कटिंगला एलपीजी छान चालतो आणि स्वस्त पडतो. लोखंडाच्या वेल्डिंगला मात्र एलपीजी घेऊ नका, जोड ठिसूळ आणि जळका येतो. आणि दोन्हींची नोझलं वेगळी असतात, ॲसिटिलीनचं नोझल एलपीजीला लावून "चालतं की" म्हणणारे मी बघितलेत, ज्योत टिकत नाही, उडते, फटफट वाजते. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर ह्या कामाला वापरणं कायद्यानेही चुकीचं आहे आणि त्याचा घरगुती रेग्युलेटर तर चुलीपुरताच दाब देतो, त्यावर कटर चालवायचा हट्ट करू नये.

कापताना काय बघायचं? १२ एमएम पर्यंतच्या प्लेटला मी ३/६४ इंच भोकाचं नोझल लावतो आणि ऑक्सिजनचा दाब दोन ते अडीच किलोवर (दर चौरस सेंटीमीटरला) ठेवतो, पण खरं मीटर म्हणजे कापलेली कड. कडेवर उभ्या बारीक रेषा दिसतात. त्या जवळजवळ सरळ असतील तर वेग बरोबर. रेषा मागे वाकलेल्या असतील आणि खाली तळाशी कट सुटलेला असेल तर तुम्ही घाई केलीत. वरची धार वितळून गोल झाली असेल आणि खाली स्लॅग, म्हणजे तीच गोठलेली राख, घट्ट चिकटला असेल तर फार रेंगाळलात, नाहीतर ज्योत फार मोठी ठेवलीत. आणि कापायच्या रेषेवरचा रंग, गंजाचे पापुद्रे, जुना डांबर आधी ब्रशने काढा, पाच मिनिटं जातात पण कट दुप्पट चांगला येतो. प्लेटच्या मधोमध भोक पाडायचं असेल तर लिव्हर दाबताना टॉर्च थोडा वर उचलून तिरका करायचा, सरळ धरलात तर वितळलेला स्लॅग उलटा नोझलमध्ये उडतो आणि नोझल गेलं.

आपल्या गोव्यात हे कटिंग किती मोठ्या प्रमाणावर चालतं ते मांडवी आणि झुआरीच्या काठच्या यार्डांत जाऊन बघा. खनिज वाहणाऱ्या बार्जी, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या बोटी, दुरुस्त करायच्या, तळाची झिजलेली प्लेट कापून नवी बसवायची, हे काम वर्षानुवर्षं चाललंय. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा कित्येक बार्जी नुसत्या उभ्या राहिल्या आणि उभ्या लोखंडाला खारं पाणी काय करतं ते सांगायला नको. कांदोळीच्या किनाऱ्यावर २००० च्या जूनमध्ये रुतलेलं रिव्हर प्रिन्सेस जहाज आमच्या पिढीने बारा वर्षं तिथेच बघितलं आणि शेवटी ते तुकडे तुकडे करूनच न्यावं लागलं. एवढं अजस्र लोखंड, पण त्यालाही लागू तोच नियम, राख वितळते आणि वाट सोडते.

बार्जीवरून आठवलं, हे जरा मन लावून वाचा. बंद टाकीत, बार्जीच्या पोटात, मासेमारी ट्रॉलरच्या डिझेल टाकीत टॉर्च घेऊन उतरणं हा वेगळाच विषय आहे. बंद राहिलेल्या लोखंडी टाकीत गंज चढतो आणि गंज चढताना तो आतल्या हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो, त्यामुळे टाकी रिकामी, कोरडी, वास नाही, तरी आत उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळू शकतो आणि त्याला काढायला धावलेला दुसरा पण. म्हणून आधी हवा खेळवायची, ऑक्सिजन मोजायचा, वर एक माणूस कायम उभा ठेवायचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचून बसतो, वर उभ्या माणसाला वाससुद्धा येत नाही. ऑक्सिजनची नळी जेवणाच्या सुट्टीत आतच सोडून गेलात आणि वॉल्व्ह जरासा गळत असला तर आणखी वाईट, हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो तो २४-२५ टक्क्यांवर गेला तरी एका ठिणगीने अंगावरचा कपडा भडकन पेटतो आणि विझत नाही. अंगावरची धूळ उडवायला ऑक्सिजनचा झोत मारणारी पोरं दिसली की मी काम थांबवून ओरडतो, मग त्यांना राग आला तरी चालेल. रिकामं डिझेलचं किंवा थिनरचं पिंप पण रिकामं कधीच नसतं, आत वाफ असते, कापायचंच असेल तर आधी आतून पूर्ण धुऊन मग पाण्याने भरून, कापायच्या जागेच्या जरा खालपर्यंत, वरची हवा बाहेर जायला तोंड उघडं ठेवून कापतात आणि खरं सांगायचं तर शंभरातल्या नव्वद वेळा ते पिंप न कापणं हाच शहाणपणा.

सिलिंडरची ओळख सगळ्यांना असावी. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, ॲसिटिलीनचा मरून. ऑक्सिजनच्या जोडाचे आटे उजवे, गॅसच्या जोडाचे आटे उलटे, डावे, आणि गॅसच्या नटावर कोपऱ्यांना खाचा मारलेल्या असतात म्हणजे अंधारात हाताला पण कळावं. ही व्यवस्था मुद्दाम केलीय, चुकून एकाची नळी दुसऱ्याला लागू नये म्हणून, तेव्हा बसत नसेल तर पाना लावून जबरदस्ती करू नका. ऑक्सिजनच्या जोडाला तेल-ग्रीस लागता कामा नये, तेलकट हात पण नको, दाबातल्या ऑक्सिजनला तेल भेटलं की ठिणगी नसतानाही पेट घेतं.

ॲसिटिलीन तर फार हळवा वायू. नुसता दाबून सिलिंडरमध्ये भरला तर तो स्वतःच फुटतो, म्हणून सिलिंडरच्या आत स्पंजासारखा सच्छिद्र माल असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेलं असतं आणि गॅस त्या ॲसिटोनमध्ये विरघळलेला असतो. म्हणून हा सिलिंडर उभाच ठेवायचा. पिकअपमधून आडवा आणलात तर काही तास उभा ठेवून मगच उघडा नाहीतर गॅसबरोबर ॲसिटोन पण बाहेर येतं. रेग्युलेटरनंतरचा दाब एक किलोच्या वर न्यायचा नाही, कधीच नाही. आणि अजून एक, जे गोव्यात मुद्दाम सांगावंसं वाटतं. नळी फाटली की जोडायला हाताशी असेल तो तुकडा घालायची सवय असते, आणि आमच्याकडे फेणी गाळायच्या भाणाची जुनी तांब्याची नळी घराघरात पडलेली. ॲसिटिलीनला तांब्याची नळी अजिबात लावू नका. ॲसिटिलीन आणि तांबं मिळून एक असा पदार्थ तयार होतो ज्याचा नुसत्या धक्क्याने स्फोट होतो. पितळेचे तयार जोड मिळतात, तेच घ्या, नाहीतर नळी नवी घ्या. टॉर्चच्या मागे आणि रेग्युलेटरच्या पुढे फ्लॅशबॅक अरेस्टर बसवा, ज्योत उलटी नळीत शिरली तर तीच शेवटची भिंत. शिट्टीसारखा आवाज येऊन ज्योत आत गेली असं वाटलं तर आधी टॉर्चचा ऑक्सिजन बंद, लगेच गॅस बंद, मग सिलिंडर.

धुराचं पण थोडक्यात सांगतो कारण मी स्वतः ते भोगलंय. मोरजीला एका ठिकाणी जुने गॅल्वनाइज्ड पाइप कापले दिवसभर, मास्क नव्हता, पांढरा धूर उडत होता. संध्याकाळी घरी आल्यावर हुडहुडी भरली, ताप, तोंडात धातूची चव. जस्त ९०७ डिग्रीला उकळतं, म्हणजे लोखंड पेट घेतं त्याच सुमाराला त्याची वाफ होते आणि ती छातीत जाते. दुसऱ्या दिवशी उतरलं, पण तेव्हापासून जस्त आधी ग्राइंडरने काढतो, वारा येतो त्या बाजूला उभा राहतो आणि मास्क लावतो. जुन्या बोटींवरच्या लाल प्रायमरमध्ये शिसं असतं, त्याचा धूर ह्याहून वाईट, ते उतरत नाही, साचत जातं.

आता टोप. ॲल्युमिनियम वेल्डिंगमध्ये पहिला धडा असा की हा धातू लाल होत नाही. लोखंड आधी काळपट, मग लाल, मग नारिंगी, असं सांगत सांगत वितळतं. ॲल्युमिनियम शेवटपर्यंत तसंच चांदीसारखं दिसतं आणि अचानक बसतं, सगळा तुकडा एकदम खाली. शिकत असताना माझा एक कोपरा असा गेलाय, आधी काही नाही, काही नाही आणि मग हातात नुसतं भोक. म्हणून रंगावर नाही तर खुणांवर चालायचं. आमचे मेस्त, म्हणजे उस्ताद, शिकवायचे ती युक्ती अशी की नुसत्या ॲसिटिलीनच्या काजळीच्या ज्योतीने जागेवर काळी काजळी धरायची, मग नेहमीच्या ज्योतीने तापवत जायचं, काजळी जळून नाहीशी झाली की समजायचं चारशेच्या आसपास पोचलो. कपडे धुण्याचा साबण घासला तरी तो तपकिरी-काळा होतो, तीच खूण. तिथून पुढे ६६० फार लांब नाही, तेव्हा हात सावध.

दुसरं, ॲल्युमिनियम उष्णता ओढून नेतं, माइल्ड स्टीलच्या चौपट-पाचपट. चिरेवर ज्योत धरली तर उष्णता सगळ्या टोपात पळते आणि चीर थंडच. म्हणून आधी आजूबाजूचा मोठा भाग तापवायचा, लोखंडापेक्षा एक नंबर मोठी टिप घ्यायची, आणि एकदा सगळं तापलं की मात्र झरझर पुढे जायचं कारण आता टोप सगळाच तापलेला आहे. प्रसरण पण लोखंडाच्या दुप्पट, म्हणून चिरेच्या शेवटच्या टोकाला आधी बारीक भोक पाडायचं, नाहीतर तुम्ही इकडून जोडता आणि ती तिकडून पुढे पळते.

आणि ती साल. आधी स्टेनलेस स्टीलच्या स्वच्छ ब्रशने घासायची, ब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवायचा, लोखंडाला लावलेला नको. मग फ्लक्स. हा क्लोराइड-फ्लोराइड क्षारांचा असतो, तापला की वितळून सालीत शिरतो, तिला सोडवतो आणि धातूला धातू भेटू देतो. टिग वेल्डिंगमध्ये, म्हणजे गॅसऐवजी विजेवर चालणाऱ्या वेल्डिंगमध्ये, हेच काम एसी करंट करतो म्हणून तिथे फ्लक्स लागत नाही, आणि ज्यांना टिग परवडतं त्यांनी टिगच करावं असं माझं मत आहे. ज्योत न्यूट्रल, म्हणजे गॅस आणि ऑक्सिजन बरोबरीचे, किंवा अगदी किंचित गॅस जास्त ठेवायचा, आतल्या सुळक्याला छोटं पीस दिसेल इतका, म्हणजे जादा ऑक्सिजन सालीला खतपाणी घालणार नाही. फ्लक्समधल्या सोडियमचा पिवळा लखलखाट असा येतो की साध्या चष्म्यातून वितळलेल्या धातूचं डबकं दिसतच नाही, त्यासाठी खास काच मिळते, ती घ्यावी, डोळे परत मिळत नाहीत. पावसाळ्यात आणखी एक कटकट. वितळलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यातला हायड्रोजन शोषून घेतं आणि गोठताना सोडतं, जोडात बारीक बारीक छिद्रं राहतात. म्हणून मी काकांकडे दोन दिवस मागितले, टोप वाळवायचा, जोडात वितळवून भरायचा रॉड आणि फ्लक्स कोरडा करायचा, चवथीच्या आधीच्या पावसात हे सोपं नसतं.

रॉड कुठला ते धातूवर अवलंबून. टोपासारख्या जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमला ११०० किंवा ४०४३ नंबरचा रॉड, त्यातला दुसरा सिलिकॉनवाला, जरा कमी तापमानाला वाहतो म्हणून नवख्याला बरा. पण बोटीच्या ॲल्युमिनियमला, ५०८३ सारख्या प्लेटला, गॅस टॉर्च लावू नका. त्यात मॅग्नेशियम चार टक्क्यांच्या वर असतं, त्याचं ऑक्साइड फ्लक्सला दाद देत नाही. समुद्रात जाणारी बोट आहे, ते काम टिग-मिगवाल्याचं, म्हणजे विजेवर वेल्डिंग करणाऱ्याचं.

काकांच्या टोपाचं काम झालं एका दुपारी, वेल्डिंगला जेमतेम दहा मिनिटं. त्यानंतर अर्धा तास फक्त धुण्यात गेला. फ्लक्स जर सांध्यात राहिला तर ओलावा धरून ॲल्युमिनियम आतून खात बसतो, आणि हा तर नैवेद्याच्या स्वयंपाकाचा टोप. उकळतं पाणी, ताठ ब्रश, आतून बाहेरून, परत पाणी. मग भरून रात्रभर ठेवला, गळत नव्हता. काकांना तरी सांगितलं, दोन दिवस कोरड्या जागी ठेवा आणि सांध्यावर बोट फिरवा, पांढरी भुकटी बोटाला लागली तर परत माझ्याकडे आणा, अजून एकदा धुऊ.